फियाट सिग्नलला बंद पडते: कार्बोरेटर उघडण्याआधी आणि उघडल्यावर

सकाळी चोक ओढला की एका सेल्फमध्ये सुरू होते. पाच-सहा किलोमीटर झकास पळते. मग पहिल्या मोठ्या सिग्नलला उभी केली की इंजिनचा आवाज खाली बसत जातो, दोन गचके येतात आणि गाडी बंद. रेस देत राहिलं तर चालू राहते, पाय उचलला की मेली. मागून हॉर्न सुरू.

माझ्या १९८४च्या प्रीमियर पद्मिनीने, म्हणजे लोकांच्या तोंडच्या फियाटने, हा त्रास मला बारा वर्षांत सात वेळा दिला. प्रत्येक वेळी बघणाऱ्यांचा सल्ला एकच, "कार्बोरेटर (इंजिनला हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग) उतरवा, नवीन किट (त्याच्या सुट्या भागांचा संच) टाका." सातपैकी दोनदाच कार्बोरेटर खोलण्याची खरी गरज निघाली. बाकी पाच वेळा दोष तो न खोलता सुटण्यासारखा होता आणि त्यातला एकही शंभर-दोनशे रुपयांच्या वर गेला नाही. म्हणून खालचा क्रम तसाच ठेवलाय. आधी फुकटातलं, मग स्वस्तातलं, आणि कार्बोरेटर शेवटी.

हे सगळं फियाटच्या १०८९ सीसी इंजिनवर केलेलं आहे. १९६४ची डिलाइट, १९७२ची प्रेसिडेंट, १९७४ पासूनची पद्मिनी अशी नावं बदलत गेली, इंजिन तेच राहिलं. मित्राच्या डुक्कर फियाटवरही, म्हणजे त्याहून जुन्या मॉडेलवरही, हीच पद्धत चालली. कार्बोरेटर मी सोलेक्सचा एक बॅरलवाला धरलाय. दुसऱ्या कंपनीचा असेल तर जेटच्या (पेट्रोल किंवा हवा मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) जागा वेगळ्या असतील, तर्क तोच.

लक्षणं नीट ऐका

"गाडी बंद पडते" एवढ्यावर काही ठरत नाही. कधी आणि कशी, ते महत्त्वाचं.

गार असताना ठीक, गरम झाल्यावर स्लोवर (ॲक्सिलरेटर सोडल्यावरच्या मंद चालीवर) टिकत नाही, पण रस्त्यावर ओढ चांगली: स्लो जेटमध्ये कचरा, कुठून तरी जास्तीची हवा, किंवा अडकलेला चोक.

गरम झाल्यावर कुठल्याही वेगाला अचानक मिसिंग मारते, वीस मिनिटं थांबलं की पुन्हा ठणठणीत: आधी कंडेन्सर आणि कॉइल, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेचे भाग, बघा. पेट्रोलचा दोष एवढा अचानक येत-जात नाही.

ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग झटका देऊन उचलते: ॲक्सिलरेटर पंपाचा, म्हणजे कार्बोरेटरमधल्या छोट्या पंपाचा, डायफ्राम (पडदा).

सपाटीवर चालते, चढावर किंवा लांब पळवल्यावर दम तोडते, थोडं थांबलं की पुन्हा चालते: पेट्रोल कमी पोचतंय. टाकीचं झाकण, फिल्टर, पंप.

काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लगवर काजळी: मिश्रण जास्त, म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त. कार्बोरेटरमधून मागे खोकल्यासारखा आवाज येतो, प्लग पांढरट निघतो: मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त. हे दोन शब्द डोक्यात पक्के ठेवा, पुढे सगळं त्यावरच चालतं.

आधी सुरक्षा

उघड्या जागेत काम करा. बंद गॅरेजमध्ये पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते आणि कोपऱ्यातल्या फ्रिजच्या ठिणगीनेही पेटते. पेट्रोलची नळी सोडण्याआधी बॅटरीची एक वायर काढा. बाजूला वाळूची बादली किंवा पावडरचा अग्निशामक हवा. पाणी नको, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. सिगारेटवाल्या शेजाऱ्याला चहाला नंतर बोलवा.

फुकटातल्या तपासण्या

टाकीचं झाकण. झाकणातल्या बारीक भोकातून हवा आत गेली तरच पंप पेट्रोल ओढू शकतो. भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पंप व्यर्थ धडपडतो. गाडी दम तोडू लागली की लगेच झाकण सैल करा. सुस्स आवाज झाला आणि गाडी सुधारली, तर काम संपलं. नवीन झाकण आणताना भोकवालंच आणा, बिनभोकाची झाकणंही त्याच मापात मिळतात.

चोक. गार इंजिनला पेट्रोल जास्त मिळावं म्हणून तो असतो. काही कार्बोरेटरमध्ये चोकची पत्री असते, काहींत फिरणारी चकती. दोन्ही केबलने चालतात आणि केबल जुनी झाली की बटण आत ढकललं तरी तिकडचा लिव्हर पूर्ण परत येत नाही. बॉनेट उघडा, कुणाला तरी बटण आत-बाहेर करायला लावा आणि लिव्हर स्वतः डोळ्यांनी बघा. माझ्या सातपैकी पहिला दोष हाच होता. लिव्हर जेमतेम तीन-चार मिलिमीटर अडकत होता. गार इंजिनला ते मानवायचं, म्हणून सकाळी शंका यायची नाही. गरम झालं की पेट्रोल जास्त व्हायचं आणि सिग्नलला गुदमरायची. केबलमध्ये तेलाचे चार थेंब आणि क्लॅम्पचा स्क्रू, एवढंच काम.

एअर फिल्टर. काढून एक फेरी मारा. फरक पडला तर बदला. फिल्टरशिवाय कायम चालवू नका, धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते.

पेट्रोल किती जुनं आहे? अशा गाड्या महिना-महिना उभ्या असतात. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाला वेगळे होऊन बसतात. पंपाची नळी तिथूनच ओढते. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा गाडी काढताना नेमकं हेच होतं. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर सगळी टाकी रिकामी करा, वरून नवीन भरून भागत नाही.

ठिणगीची खात्री केल्याशिवाय कार्बोरेटरला हात नाही

इथे लोक घाई करतात. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, चुकलेलं असेल, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जळलेले असतील, तर कार्बोरेटर कितीही चांगला बांधा, स्लो बसणार नाही. उलट मिक्स्चर स्क्रू (स्लोवरचं मिश्रण ठरवणारा) फिरवून फिरवून चांगलं सेटिंगही बिघडतं. मग दोन दोष होतात आणि कुठला कुठला हे कळत नाही.

चारही प्लग काढून ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडा. चारही सारखेच काळे किंवा सारखेच पांढरट असतील, तर दोष चौघांच्या सामायिक जागी, म्हणजे कार्बोरेटर किंवा टायमिंग. एकच वेगळा असेल तर तो प्लग, त्याची वायर किंवा त्या सिलिंडरचा वॉल्व्ह. एकट्या सिलिंडरचा दोष कार्बोरेटरच्या माथी मारू नका, तो चौघांना एकाच भांड्यातून वाढतो. चांगल्या प्लगचा रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा.

मग डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा. पॉइंटवर खड्डा आणि समोर ढेकूळ दिसली तर पॉलिश पेपर मारून वेळ काढू नका, पॉइंट आणि कंडेन्सर जोडीनेच बदला. गॅप फिलर गेजने मॅन्युअलप्रमाणे ठेवा, माझ्या गाडीला ०.४५ मिलिमीटरच्या आसपास मानवतो. गॅप बदलला की टायमिंगही हलतं, म्हणून टायमिंग त्यानंतर तपासायचं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

कंडेन्सरबद्दल एक तक्रार. हल्ली दुकानात मिळणारे नवे कंडेन्सर काही वेळा डबीतूनच खराब निघतात. माझा दुसरा दोष असाच होता. नवीन टाकलेला, म्हणून त्याच्यावर संशय घेतला नाही आणि पंधरा दिवस कार्बोरेटर खोलत बसलो. शेवटी शेजारच्या मिस्त्रींनी त्यांच्या डब्यातला जुना, काळवंडलेला कंडेन्सर लावला आणि गाडी घड्याळासारखी चालली. तेव्हापासून चाललेला कंडेन्सर मी टाकत नाही, डिकीत ठेवतो.

जास्तीची हवा

कार्बोरेटर मोजून हवा-पेट्रोल देतो. त्याच्या खालून न मोजलेली हवा शिरली की मिश्रण पातळ होतं. जोरात चालवताना फरक जाणवत नाही, कारण तेव्हा हवा भरपूर लागते. स्लोवर मात्र इंजिनची ओढ सगळ्यात जास्त आणि हवेची गरज सगळ्यात कमी, म्हणून एवढीशी फटही महाग पडते.

शोधायची पद्धत: इंजिन स्लोवर ठेवा, हवं तर स्क्रूने थोडं वाढवून. इस्त्रीला पाणी मारायची स्प्रेची बाटली घ्या आणि कार्बोरेटरचा पाया, पॅकिंगच्या कडा, व्हॅक्युमची नळी असेल तर तिची दोन्ही टोकं, असं एकेका जागी फवारा. डिस्ट्रिब्युटर आणि वायरींपासून लांब. जिथे फवारल्यावर आवाज बदलतो तिथे फट आहे. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर वापरतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ते करणं म्हणजे आगीला बोलावणं. पाण्याने होतं.

दुसरी युक्ती: एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात हळूहळू आणा. तोंड अर्धं झाकल्यावर इंजिन सुधारलं, वेग वाढला, तर मिश्रण पातळ आहे हे नक्की. आणखी गुदमरलं तर आधीच जास्त आहे. सगळ्या तपासण्यांत मला ही सगळ्यात आवडते, कारण हत्यार लागत नाही आणि खोटं बोलत नाही.

पायथ्याचे नट सैल झाले असतील तर आवळा, पण पाना लहान घ्या. दोन बाजूंना नट असलेला पाया जास्त आवळला की त्याचे कान खाली वाकतात आणि मधोमध फट पडते. मग माणूस आणखी आवळतो, कान आणखी वाकतात. पाया आणि इंजिन यांच्यात जाड फायबरची चकती असेल तर ती काढून टाकू नका. ती उष्णता अडवते. चकतीच्या दोन्ही बाजूंना पॅकिंग लागतं, एका बाजूचं विसरणं ही नेहमीची चूक. माझा तिसरा दोष तोच, आणि विसरणारा मीच.

एकेकाळी टॅक्सी असलेली पद्मिनी घेतली असेल तर आणखी एक गोष्ट बघा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी नंतरच्या वर्षांत सीएनजीवर चालल्या. किट काढलं तरी मिक्सरची रिंग, वाढवलेले जोड, बुजवलेल्या नळ्या तशाच राहतात. शिवाय पेट्रोल न वापरता वर्षानुवर्षं कोरडा राहिलेला कार्बोरेटर आतून पांढऱ्या पावडरीने भरलेला असतो, डायफ्राम पापडासारखा झालेला असतो. अशी गाडी असेल तर मधल्या तपासण्या झटपट उरका, कार्बोरेटर उघडावाच लागणार आहे.

पेट्रोल पोचतंय का

इंजिनवरचा मेकॅनिकल पंप, जुने मिस्त्री त्याला एसी पंप म्हणतात. कॉइलची मधली वायर काढून इंजिनच्या पत्र्याला टेकवून ठेवा म्हणजे ठिणगी भलतीकडे उडणार नाही. कार्बोरेटरकडची नळी सोडून बाटलीत घाला आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. प्रत्येक फेरीला भरगच्च पिचकारी यायला हवी. नुसते बुडबुडे आले तर टाकीपासून पंपापर्यंत कुठेतरी नळी हवा ओढतेय. बारीक धार आली तर आधी फिल्टर, मग पंपाची जाळी, मग पंप.

इलेक्ट्रिक पंप लावलेल्या गाड्या हल्ली खूप दिसतात. नव्या इंजेक्शनच्या गाडीचा पंप इथे चालत नाही. कार्बोरेटरच्या नीडल वॉल्व्हला (पेट्रोल आत सोडणारी-अडवणारी सुई) फक्त दोन-तीन पीएसआय दाब सोसतो. त्याच्या वर गेलं की सुई उचलली जाते, पेट्रोल ओव्हरफ्लो होतं आणि पुन्हा दोष सुईला दिला जातो.

उन्हाळ्यात घाटात बंद पडणं हा वेगळा प्रकार. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. खंडाळ्याच्या घाटात एकेकाळी दर वळणावर बॉनेट उघडून पंपावर ओला फडका ठेवलेली फियाट दिसायची, ते याच कारणाने. फडका आजही काम करतो. कायमचा उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून लांब वळवणं आणि मध्ये पत्र्याचा आडोसा. या दोषासाठी कार्बोरेटर उघडू नका.

न उतरवता साफ होणारं जेट

चौथा आणि पाचवा दोष, दोन्ही वेळा स्लो जेट. जुन्या सोलेक्समध्ये हे जेट बाहेरूनच, साध्या स्क्रू-ड्रायव्हरने निघतं. याचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे गंजाचा एक कण पुरतो. मेन जेट मोठं असल्याने गाडी पळत राहते आणि स्लो तेवढा जातो. वरचं लक्षण हुबेहूब हेच.

जेट काढा, उजेडाकडे धरून आरपार बघा. गोल, स्वच्छ उजेड दिसायला हवा. क्लीनर मारा, उलट्या बाजूने हवा मारा. तार घालू नका, टाचणी नाही, सुई तर नाहीच. जेट पितळेचं असतं, मऊ. एकदा ओरखडा पडला की माप गेलं, आणि डोळ्यांना ते कधीच दिसणार नाही. अडकलं असेलच तर प्लास्टिकच्या ब्रशचा एक केस चालतो. जेट काढलेल्या भोकातही हवा मारा, कचरा बऱ्याचदा तिथे असतो.

आणि मग विचारा की कचरा आला कुठून. मी पहिल्यांदा विचारलं नाही, म्हणून चार महिन्यांनी पुन्हा तेच झालं. दुसऱ्यांदा फिल्टर कापून पाहिला तर आत लालसर चिखल. टाकी आतून गंजली होती. टाकी उतरवून रेडिएटरवाल्याकडून धुवून आणली, पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावला. त्यानंतर स्लो जेटने मला छळलेलं नाही.

आता उघडा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि त्रास कायम आहे, तरच. एक सुट्टीचा दिवस, पांढरं कापड अंथरलेलं ताट, स्क्रू ठेवायला बर्फाचा ट्रे. प्रत्येक पायरीचा फोटो.

किट आधी आणा, कार्बोरेटर नंतर उतरवा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. दुकानात "पद्मिनीचं किट द्या" म्हणू नका, कार्बोरेटरवर कोरलेला नंबर सांगा. वर्षांनुसार फरक आहेत.

उतरवताना मेन जेट, स्लो जेट, एअर जेट यांवरचे आकडे लिहून घ्या. सोलेक्सचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, १२५ म्हणजे १.२५ मिलिमीटर. मिक्स्चर स्क्रू काढण्याआधी पूर्ण आत जायला किती फेरे लागतात ते मोजा आणि लिहा. परतीचा पत्ता तोच.

डायफ्राम, फायबर, रबर सगळं बाजूला काढूनच बॉडी क्लीनरमध्ये घाला. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते. तिला ॲसिड, लिंबू, शौचालय साफ करायचं द्रव असलं काही लावू नका. मी एकाची बॉडी तशी धुतलेली पाहिली आहे. चमकत होती आणि आतले रस्ते खाल्लेले होते.

फ्लोट (पेट्रोलवर तरंगून पातळी राखणारा पोकळ डबा) कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट फुटलाय, तो बुडतो आणि पातळी वाढते. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की फुटलेल्या जागेतून बुडबुडे येतात. डाग देता येतो, पण डागाने वजन वाढतं. नवा मिळाला तर नवाच.

नीडल वॉल्व्ह: सुई बसलेल्या बाजूने वर धरून खालून तोंडाने फुंका. सुईच्या वजनानेच हवा अडली पाहिजे. सुईच्या टोकाला अंगठीसारखी रेघ उमटली असेल तर बदला. सहावा दोष हाच.

आता ज्यात सगळ्यात जास्त लोक फसतात ती गोष्ट. या सोलेक्समध्ये पेट्रोलची पातळी नीडल वॉल्व्ह आणि झाकण यांच्यातल्या वॉशरच्या जाडीवर ठरते. किटमध्ये वॉशर असतोच आणि माणूस विश्वासाने तो लावतो. माझ्या किटमधला जुन्यापेक्षा जवळपास अर्धा मिलिमीटर पातळ निघाला. तेवढ्याने सुई वर गेली, पातळी वाढली, आणि नवं किट टाकलेली गाडी आधीपेक्षा जास्त पेट्रोल पिऊ लागली. जुना वॉशर फेकू नका, व्हर्नियरने मोजा आणि नवा त्याच जाडीचा लावा. झाकणाचं पॅकिंगही तसंच जाडीने जुळवा.

पाया काचेवर ठेवून त्याचा सपाटपणा बघा. डगमगतो किंवा खालून उजेड दिसतो, तर पाया वाकलाय. बारीक पॉलिश पेपर काचेवर चिकटवून हलक्या हाताने, इंग्रजी आठाच्या आकारात घासा. दहा मिनिटांत सरळ झाला नाही तर थांबा.

ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम बसवताना लिव्हर अर्धा दाबून धरा आणि मग स्क्रू आवळा, म्हणजे डायफ्राम ताणला जात नाही. बसवल्यावर वरून बघत ॲक्सिलरेटर ओढा. ओढल्याक्षणी बारीक, सरळ पिचकारी दिसायला हवी. उशिरा आली तर पुन्हा उघडा.

ट्युनिंग

इंजिन पूर्ण गरम हवं, किमान दहा किलोमीटर फिरवून आणलेलं. चोकचं बटण पूर्ण आत. एअर फिल्टर लावलेला, कारण फिल्टरशिवाय लावलेलं सेटिंग फिल्टर चढवताच बदलतं.

मिक्स्चर स्क्रू बोटांनी हलकेच आत टेकवा. आवळू नका, टोकाला चर पडतो. मग दीड फेरा बाहेर. स्लोचा स्क्रू थोडा वाढवून इंजिन चालू ठेवा. आता मिक्स्चर स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या. इंजिन अडखळू लागेल, ती एक हद्द. बाहेर आणत जा, आवाज गुळगुळीत होईल, मग जड आणि घोगरा होऊ लागेल, ती दुसरी. दोन्हीच्या मध्ये जिथे वेग सगळ्यात जास्त तिथे थांबा, आणि तिथून किंचित बाहेर. मग स्लोचा स्क्रू कमी करा. टॅकोमीटर असेल तर ८०० च्या आसपास. नसेल तर डॅशबोर्डवर ठेवलेलं पाण्याचं भांडं शहारतं की उड्या मारतं ते बघा, मी अजून तसंच करतो.

मिक्स्चर स्क्रू कितीही फिरवला तरी काहीच फरक पडत नाही, असं झालं तर तेच उत्तर आहे. एक तर स्लो जेटचा रस्ता अजून बंद आहे, नाही तर हवा शिरतेय, किंवा स्लोचा स्क्रू इतका वाढवलाय की बटरफ्लाय (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची पत्री) उघडून इंजिन वरच्या भोकांवर चाललंय. फिरवत बसू नका, मागे जा.

ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलबद्दल सगळे विचारतात. साध्या पेट्रोलच्या एक किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई२०च्या एक किलोला १३.५च्या आसपास. म्हणजे त्याच जेटमधून तेच माप आलं तरी मिश्रण आठेक टक्के पातळ. जेटचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून व्यास चारेक टक्के वाढवला की पुरतो: १२५च्या जागी १३०. स्लोवरचा फरक मिक्स्चर स्क्रूच्या पाव फेऱ्यात निघतो. आधी प्लगचा रंग बघा, पांढरट असेल तरच जेट बदला. जुन्या रबरी नळ्या मात्र रंग न बघता बदला. इथेनॉलने त्या आतून सुटतात आणि तो काळा भुगा थेट स्लो जेटमध्ये जातो.

इथे थांबा

इंजिन ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, पातळी वाढलेली दिसली, तर गाडी सुरू करू नका. इंजिनवरच्या पंपाचा फाटलेला डायफ्राम पेट्रोल सरळ ऑइलमध्ये सोडतो आणि पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. मिस्त्रींना घरी बोलवा, गाडी तिकडे नेऊ नका.

एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा बरंच कमी असेल तर तो वॉल्व्हचा किंवा रिंगचा दोष, कार्बोरेटरचा नाही. जेट किंवा स्क्रू बॉडीत तुटला तर ड्रिल घेऊ नका, मऊ धातूत ड्रिल सरकतं. सुई, फ्लोट, वॉशर सगळं बदलूनही ओव्हरफ्लो होत असेल तर बॉडीला चीर असू शकते. आणि उघड्या भांड्यातून पेट्रोल देऊन गाडी चालवून बघण्याचा मोह टाळा.

शेवटचं, माझा सातवा दोष. बटरफ्लायचा स्पिंडल दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. खडखड जाणवली, आणि तिथे पाणी फवारल्यावर स्लो बदलला, तर स्पिंडलची भोकं झिजली आहेत. कुठलंही किट ते भरून काढत नाही. बॉडीत बुश बसवायला चांगला टर्नर लागतो, ज्याने आधी कार्बोरेटर केलाय असा. त्याला बॉडी आणि स्पिंडल दोन्ही द्या, नुसतं माप नको. परत आणल्यावर बटरफ्लायच्या पत्रीचे दोन स्क्रू तपासा. ते मागून ठोकून पसरवलेले असावे लागतात, नुसते आवळलेले चालत नाहीत. त्यातला एक सुटला तर खाली थेट इंजिनच आहे.